किल्ल्यातली हजेरी

बसूअण्णाचा फोन आला तेव्हा नंदीश एका गिऱ्हाईकापुढं चादरींची चवड उलगडून बसला होता. सात रस्त्यावरचं ते दुकान त्याच्या साडूचं. स्वतःचं दुकान वडिलांच्या पाठोपाठ चार वर्षांतच मिटलं होतं, आणि तेव्हापासून नंदीश दुसऱ्याच्या गादीवर बसून दुसऱ्याचा माल विकत होता. फोनवरचं नाव बघितलं तसा तो उठला आणि गिऱ्हाईकाला तसंच सोडून फुटपाथवर आला.

"रविवारी मोकळा हायस का?" बसूअण्णानं विचारलं.

"तुम्ही म्हणाल तेव्हा मोकळा."

"मग किल्ल्यात ये. धा वाजता. पोरीलाबी आण."

"किल्ल्यात? आपल्या भुईकोटात?"

"व्हय. हापिसात गर्दी असती. तितं निवांत बोलता येतं."

फोन बंद झाला. नंदीश तसाच उन्हात उभा राहिला. काव्याचं काम झालं असावं, असंच त्याला वाटलं. नाहीतर पोरीला कशाला आण म्हणाला असता?

बसवराज, म्हणजे बसूअण्णा, मंद्रूपकडचा. त्याच्या संस्थेची दोन हायस्कूलं होती, एक ज्युनिअर कॉलेज होतं, आणि त्या कॉलेजात रसायनशास्त्राची एक जागा निघाली होती. काव्या एमएस्सी झालेली, बीएड झालेली, दोन वर्षं क्लासमध्ये तासावर शिकवून घसा बसवून घेतलेली. मुलाखतीला तेवीस जणं आली होती. बाकीच्या ठिकाणी अशा जागेला काय काय लागतं ते नंदीशला ठाऊक होतं, आणि त्यातलं त्याच्याकडं काहीच नव्हतं. त्याच्याकडं एकच होतं. आठवीत तो आणि बसू एका वर्गात होते.

तेवढ्या आधारावर तो संस्थेच्या ऑफिसात गेला. दोनदा बाकावर बसून परत आला. तिसऱ्यांदा चिठ्ठी आत पाठवली, 'शाळेतला मित्र' असं लिहून, तेव्हा आत घेतलं. बसूअण्णानं चहा दिला. दुकान कधी गेलं, वडील कशानं वारले, लेकरं किती, सगळं विचारलं. शेवटी म्हणाला, "बघू की."

आठवीतली ती गोष्ट नंदीश विसरला नव्हता. पण ती त्यानं अशी घडी घालून ठेवली होती की तिची कड कुठं दिसू नये. पोरं करतातच, असं तो स्वतःला म्हणायचा. आणि एवढा मोठा झालेला माणूस ते कशाला ध्यानात ठेवील? चहा पाजला की त्यानं.

रविवारी बापलेक स्कूटरवरून गेले. काव्यानं मुलाखतीचीच साडी नेसली होती. किल्ल्यापासून दोन किलोमीटरवर जन्मून वाढलेली पोरगी, पण लहानपणी बाहेरच्या बागेत घसरगुंडीवर खेळली होती तेवढीच. आत ती कधी गेली नव्हती.

"अप्पा, तुम्ही आला होता का आधी?" तिनं विचारलं.

"शाळेत असताना. एकदा."

बसूअण्णा दारापाशीच उभा होता, पांढरा सदरा, पांढरी विजार, पायांत साध्या चपला. त्याचा ड्रायव्हर बिभीषण तिकिटं काढून आला आणि मागं गाडीकडं निघून गेला. काव्या वाकून पाया पडायला लागली तसं बसूअण्णानं तिला हातानं थांबवलं.

"नको. मास्तरणीनं कुणाच्या पाया पडू न्हाय."

ते ऐकून नंदीशच्या जिवात जीव आला. मास्तरीण म्हणाला, म्हणजे झालंच.

बसूअण्णाला किल्ला पाठ होता. दाराच्या फळ्यांतले खिळे त्यानं काव्याला दाखवले, हत्तीनं धडक मारू नये म्हणून ठोकलेले. बुरुजांवर कुठं फारसी कोरलंय ते दाखवलं. पडझड झालेल्या जुन्या देवळाचे खांब दाखवले. चालता चालता तो सांगत होता आणि काव्या चांगल्या विद्यार्थ्यासारखी ऐकत होती.

"बहामनींनी बांधला म्हणत्यात. मग ह्यो इजापूरवाल्यांचा का नगरवाल्यांचा, ह्यावरनं शंभर-दीडशे वरीस डोकी फुटली. लेकीच्या लग्नात आंदण म्हणून देतो म्हणाले, आन दिला न्हाय. त्यावरनंबी लढाई. मग मोगल आलं, पेशवं आलं. अठराशे अठरात इंग्रज आला. त्यानं तोफा हलवल्या आन आपलं सामान ठिवलं. आता पोरं येत्यात फोटो काढायला."

"तुम्हाला इतिहासाची आवड दिसते सर," काव्या म्हणाली.

"आवड कसली. मी येतो अधनंमधनं. बसतो घटकाभर. येऊन येऊन म्हाईत झालं."

नंदीशनं त्याच्याकडं बघितलं. बसूअण्णा पुढं बघत चालला होता.

बागेतून वळून ते आतल्या तटाच्या कडेनं निघाले. ऊन चांगलं वर आलं होतं. तळ्याकडच्या अंगाला एक बुरुज होता आणि बुरुजाच्या पोटात, तीन पायऱ्या उतरून, एक बुटकी कोठी. तिला आता लोखंडी जाळीचं दार बसवलेलं होतं आणि कुलूप होतं. आत अंधार, वटवाघळं-पाकोळ्यांचा वास, कोपऱ्यात पाण्याच्या रिकाम्या बाटल्या. नंदीशचे पाय पायरीच्या वरच थांबले.

"इथं काय असायचं सर?" काव्यानं वाकून आत बघत विचारलं.

"दारूगोळा ठिवत असतील. पुढं कैदी. इंग्रजाच्या काळात दाणागोटा. आमच्या शाळेच्या टायमाला माळ्याची खोरी-टिकाव असायची. लाकडाचं दार होतं तवा, भाईरनं कडी." बसूअण्णा पायरीवर बसला. बसताना त्यानं सदऱ्याची कड नीट सारखी केली. "पुढचं तुज्या अप्पाला इचार."

काव्यानं वडिलांकडं बघितलं. तिच्या तोंडावर अजून हसू होतं.

"काही नाही गं," नंदीश म्हणाला. "आठवीत सहल आली होती आमची. सहल म्हणजे काय, शाळेतनं चालतच आलो. त्यावेळी जरा गंमत केली होती आम्ही अण्णांची. पोरं म्हटल्यावर चालायचंच."

"काय गंमत केली ते सांग की," बसूअण्णा म्हणाला. आवाज चढला नव्हता. चहा पाजताना होता तसाच होता.

"आता कशाला ते, अण्णा."

"पोरीच्या कामाचं बोलायला आलाईस न्हवं? ते बोलू. आधी ह्ये सांग."

काव्याचं हसू हळूहळू गेलं. नंदीशनं रुमाल काढला, मान पुसली.

"मी आणि आमच्या वर्गातला गुरप्पा होतो. गुरप्पानंच काढली होती कल्पना. ह्यांना कोठीत ढकललं आणि कडी लावली. थोडा वेळ."

"ढकललं न्हाय," बसूअण्णा म्हणाला. "बोलवून न्हेलं. गुरप्पा कडंला हुभा होता नुसता. त्यो गेला बिचारा, त्याच्यावर घालू नको. तू माज्या गळ्यात हात टाकला हुतास. सहा महिनं झालं हुतं मला शाळंत येऊन. कुणी गळ्यात हात टाकला न्हवता. म्हनून आलो मी. काय म्हणला हुतास?"

नंदीशनं रुमाल घडी करून खिशात ठेवला.

"काय म्हणाला होता अप्पा?" काव्यानं विचारलं.

"आत भुयार आहे म्हणालो. विजापूरला निघतं म्हणालो. तुला एकट्यालाच दाखवतो."

"हां. आन मग?"

"मग कडी लावली."

"का?"

हे काव्यानं विचारलं होतं. नंदीशला वाटलं, त्याचं उत्तर देता आलं तर बाकीचं सगळं निभावून नेता येईल. तो आठवू लागला. काही कारण सापडेना. बसू बोर्डिंगात राहायचा, त्याच्या अंगाला करडीच्या तेलाचा वास यायचा, तो 'आहे'ला 'हाय' म्हणायचा, आणि गणितात तो नंदीशच्या पुढं होता. ह्यातलं कुठलं कारण होतं, की कुठलंच नव्हतं?

"असंच," तो म्हणाला.

वरच्या वाटेनं एक कुटुंब चाललं होतं, नवराबायको आणि सासू असावी. तटाच्या सावलीला ती थांबली, पाण्याची बाटली काढून प्यायला लागली.

"आता हजेरीचं सांग," बसूअण्णा म्हणाला.

"अण्णा, पाया पडतो तुमच्या."

"मी म्हटलं न्हवं, पाया पडू न्हाय. हजेरीचं सांग."

नंदीश काव्याकडं न बघता बोलू लागला. परत निघताना सरांनी पोरांना रांगेत उभं केलं. हजेरी घेतली. बसूचं नाव आलं. सर खाली कागदात बघत होते. नंदीश मागच्या रांगेत होता. त्यानं बसूच्या आवाजात हजेरी दिली. पोरं खिदळली. सरांनी पुढचं नाव घेतलं.

"कसा म्हणालास?"

"तुमच्यासारखं. हजर म्हणायच्या ऐवजी…"

"ते मला म्हाईत हाय. कसा म्हणालास त्ये म्हणून दाखव."

"हाय गुर्जी," नंदीश पुटपुटला.

"असं न्हाय. सर लांब हुतं. आन तू नाकातनं काढलं हुतंस. मला आत ऐकू आलं हुतं नंदीश. तसंच काढ."

नंदीशनं आजूबाजूला बघितलं. काव्या भिंतीला टेकून उभी होती, पर्स पोटाशी धरून. ती त्याला सोडवायला एक शब्द बोलेल असं त्याला वाटलं. ती वाट बघत होती, पण त्याच्या बोलण्याची.

"हाय गुर्जी," तो नाकातून, मोठ्यानं म्हणाला.

वरच्या सावलीतल्या तिघांनी वळून खाली बघितलं. सासू हसली. काहीतरी थट्टा चालली असेल, असं तिला वाटलं असावं. सत्तेचाळीस वर्षांचा, केस पिकलेला माणूस भर उन्हात पायरीवर उभा राहून पोरासारखा आवाज काढत होता.

"आता बरोबर," बसूअण्णा म्हणाला.

ती माणसं निघून गेली. मग काव्यानं विचारलं, "सर, तुम्ही कधी बाहेर आलात?"

"दुसऱ्या दिशी. सकाळी माळी आला टिकाव घ्यायला. बोर्डिंगात वाटलं, मी गावाला गेलो. रातभर वरडलो. लोक फिरायला येत्यात की तळ्याकडं, त्यांना ऐकू गेलं असंल. कोण येतंय खाली. पाकोळ्या अंगावर बसत हुत्या. पुढं दोन म्हईने ताप हटला न्हाय. आमचा बा म्हणला, शाळा ऱ्हाऊ दे. दोन वरीस गुरं वळली मी." त्यानं हे सगळं बाजारभाव सांगावा तसं सांगितलं. मग नंदीशकडं बघून म्हणाला, "आजून एक ऱ्हायलं."

ते कुणालाच ठाऊक नव्हतं. गुरप्पालासुद्धा नाही. तेहतीस-चौतीस वर्षं त्यानं ते स्वतःशीसुद्धा उच्चारलं नव्हतं.

"एवढंच होतं," तो म्हणाला.

"कापडी बूट हुतं तुजे. पांढरे. शाळंत दोघंतिघंच घालायची. दाराखाली फट हुती, तेवढीच उजेडाची. मी गाल भुईला लावून पडलो हुतो. दिवस मावळायला आला हुता. बूट आलं आन दारापुढं हुभं ऱ्हायलं."

"अप्पा?" काव्या म्हणाली.

"मी कडी काढायलाच आलो होतो," नंदीश म्हणाला. आता तो काव्याशीच बोलत होता. "देवाशपथ. घरी गेलो, दप्तर ठेवलं, आणि सायकल घेऊन परत आलो. काढणारच होतो. पण म्हटलं, आता काढली तर हा सरांना सांगेल. तुझ्या आजोबांना कळेल. ते पट्ट्यानं मारायचे. सकाळी कुणीतरी काढीलच, मग कुणी केलं ते कळणार नाही."

"मी बोललो तुज्याशी," बसूअण्णा म्हणाला.

"हो."

"काय बोललो?"

"कुणाला सांगत नाही म्हणाला. आईची शपथ घेतली."

"आन दिलं काय?"

"भाकरी," तो म्हणाला.

"पोरीला सांग नीट."

"ह्यांच्या आईनं दिलेली होती. बोर्डिंगात गावाकडनं पाठवलेली. कडक भाकरी असते ना आपली, पापडासारखी. ती फटीखालून बाहेर सरकवली. दोन होत्या. मध्ये शेंगाचटणी होती. म्हणाले, हे घे, आणि कडी काढ."

"आणि?"

"मी घेतली."

"आणि कडी?"

नंदीशनं मान हलवली.

काव्यानं जे विचारलं ते नंदीशच्या कधी मनात आलं नव्हतं. "काय केलं त्या भाकरीचं?"

त्याला वाटलं, फेकली म्हणावं. तळ्यात टाकली म्हणावं. पण बसूअण्णा पायरीवर बसून त्याच्याकडं बघत होता, आणि ह्या माणसाला आणखी काय काय ठाऊक आहे ह्याचा आता भरवसा उरला नव्हता.

"खाल्ली," तो म्हणाला. "सायकलवर. भूक लागली होती."

बसूअण्णा उठला. त्यानं मागची धूळ झटकली, सदऱ्याच्या खिशातून एक लांबट पाकीट काढलं आणि ते काव्यापुढं धरलं.

"घे. नेमणुकीचं पत्र. उद्या सोमवारी रुजू हो."

काव्यानं हात पुढं केला नाही. "सर, हे कधी झालं?"

"गेल्या बुधवारी सही केली. तेवीस जणांत तू पयली आलीस. ह्यो आला नसता तरीबी तुलाच हुतं. वशिल्याची पोरं म्या घेत न्हाय."

नंदीशला ते समजायला जरा वेळ लागला. मग तो पायरीवर खाली बसला, बसूअण्णा उठला होता तिथंच.

"मग मला का बोलावलं?" काव्यानं विचारलं. "तुमचं त्यांच्याशी होतं. त्यांना एकट्याला बोलवायचं."

"एकट्याला सांगून काय उपेग? त्याला म्हाईतच हाय की."

"आणि पत्र आधी दिलं असतं तर?"

"तर ह्यो बोलला असता का?"

काव्यानं वडिलांकडं बघितलं, मग त्या माणसाकडं. दोघांकडं तिनं सारखंच बघितलं, असं नंदीशला वाटलं, आणि त्यातही त्याला थोडं बरं वाटलं. मग तिनं पाकीट घेतलं, उघडून पत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, घडी करून पर्समध्ये ठेवलं.

"उद्या येते," ती म्हणाली. आभार मानले नाहीत.

"ये. साडेधाला भरतं कॉलेज."

बसूअण्णा तटाच्या कडेनं निघून गेला. इतकं सगळं झाल्यावर त्याच्या चालण्यात काहीतरी हलकेपणा येईल म्हणून नंदीश बघत राहिला. तसं काही दिसलं नाही. तो आला होता तसाच, सावकाश, गुडघा जपत चालला होता.

परत येताना काव्या स्कूटरवर मागं बसली, पण रोज धरायची तसा तिनं खांदा धरला नाही. मागची दांडी धरली. पार्क चौकात सिग्नलला ती म्हणाली, "अप्पा, ते रात्रभर आत होते तेव्हा तुम्हाला झोप लागली होती?"

नंदीशला खोटं बोलायचं बळ उरलं नव्हतं. "लागली," तो म्हणाला.

घरी त्याची बायको सिद्धेश्वरी दारातच उभी होती. लेकीच्या तोंडाकडं बघून ती घाबरली, आणि पत्र हातात पडल्यावर तिच्या डोळ्यांना धार लागली. तिनं पत्र देवापुढं ठेवलं, शेजारच्या दोन घरांत जाऊन सांगून आली, रवा भाजायला घेतला. नंदीश खुर्चीवर बसून होता. काव्या साडी बदलून आली आणि आईच्या हाताखाली काम करू लागली. स्वयंपाकघरातून भांड्यांचे आवाज येत होते, बोलणं फक्त सिद्धेश्वरीचंच.

"एका पैशाला हात लावला नाही त्या माणसानं," ती सांगत होती. "आजच्या काळात कुठं असतं असं? शाळेतली ओळख म्हणून एवढं केलं. तुझे अप्पा उगीच भीत होते." ताट वाढून आणताना ती नंदीशला म्हणाली, "अहो, त्यांना घरी जेवायला बोलवा. आपण दुसरं काय देणार? पोळ्या करते पुरणाच्या."

"मोठी माणसं," नंदीश म्हणाला. "त्यांना कुठं वेळ."

"येतील," काव्या म्हणाली. ती ताटात बघत होती. "अप्पांनी बोलावलं तर येतील. करा फोन, अप्पा."

"करतो नंतर."

"आत्ता करा की. आई एवढं म्हणते."

सिद्धेश्वरीनं फोन आणून त्याच्या हातात दिला. दोघी समोर उभ्या होत्या, एक हसत, एक न हसता. त्यानं नंबर लावला. तिकडं दुसऱ्याच रिंगला उचलला गेला.

"अण्णा, घरातली म्हणते, एकदा जेवायला यावं," नंदीश म्हणाला.

"येतो की," बसूअण्णा म्हणाला. "म्होरल्या आयतवारी येतो." मग त्यानं विचारलं, "वहिनींना सांगितलंस का रं?"

"नाही."

"बरं. मी आल्यावर सांग मग. जेवताना."

फोन बंद झाला तरी नंदीशनं तो कानालाच धरून ठेवला होता.

"काय म्हणाले?" सिद्धेश्वरीनं विचारलं.

"येतो म्हणाला. रविवारी."

सिद्धेश्वरीनं पदराला हात पुसले आणि आणखी कुणाकुणाला बोलवायचं ते ठरवू लागली. दुकानवाल्या भावजींना बोलवायलाच हवं, ताईंना, त्यांच्या थोरल्या सुनेला. एवढा मोठा माणूस घरी येणार म्हटल्यावर चार जणांना कळलं पाहिजे, ती म्हणाली.